अंगणात उतरलेले इंजिन

मोटारगाडीचे इंजिन गाडीतून बाहेर काढणे हे काम सर्वसाधारणपणे कारखान्याचे किंवा सुसज्ज गॅरेजचे समजले जाते. परंतु जुन्या जीपच्या बाबतीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ते कित्येक दशके घराच्या अंगणात, गोठ्याच्या तुळईखाली किंवा वस्तीवरच्या चिंचेच्या झाडाखाली होत आले आणि त्यात कोणाला फारसे नवल वाटले नाही. या प्रथेचे श्रेय बहुधा गावोगावच्या मिस्त्र्यांच्या हिकमतीला दिले जाते. ती हिकमत खरीच होती, मात्र ती कशाच्या बळावर चालली हे पाहिल्यावाचून प्रथेचा उलगडा होत नाही. जीपची मूळ रचना युद्धभूमीवरील दुरुस्ती डोळ्यांपुढे ठेवून झालेली होती. विहिरीवरच्या ऑइल इंजिनामुळे शेतकऱ्याची यंत्राशी आधीच जवळीक झालेली होती. आणि पेट्रोल व डिझेल यांच्या भावांतील अंतराने जुने इंजिन उतरवून दुसरे चढविणे हा हिशेबाचा सौदा बनवला होता. या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा ही प्रथा रुजली आणि त्यांपैकी एकेक निसटत गेली तशी ती ओसरली.

जीप हे फोर-व्हील ड्राइव्ह वाहन आहे, म्हणजे इंजिनाची शक्ती फक्त मागील चाकांकडे न जाता चालकाच्या इच्छेनुसार पुढील चाकांकडेही वळविता येते. गिअरबॉक्सच्या मागे जोडलेल्या ट्रान्स्फर केस नावाच्या पेटीतून ही वाटणी होते. अशा हलक्या वाहनाची मागणी अमेरिकी लष्कराने जुलै १९४० मध्ये १३५ कारखानदारांपुढे ठेवली, तेव्हा नमुना ४९ दिवसांत हजर करण्याची आणि वजन १,३०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५९० किलोंच्या, आत राखण्याची अट इतकी कडक होती की फारच थोडे कारखानदार पुढे आले. पेन्सिल्व्हेनियातील बटलर गावच्या अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेऊन पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरिलँडमधील होलाबर्ड येथील लष्करी तळावर पोचता केला. पुढे ओहायोतील टोलेडोची विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्याही स्पर्धेत उतरल्या, वजनाची मर्यादा व्यवहार पाहून २,१६० पौंडांपर्यंत वाढविण्यात आली आणि अखेरीस विलीजचा आराखडा प्रमाण मानला गेला, तो मुख्यतः तिच्या इंजिनामुळे.

हे इंजिन विलीजचे मुख्य अभियंता डेल्मार रूस यांच्या हातून घडले होते. कंपनीच्या जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनाची ताकद ४८ अश्वशक्तीच्या आसपास होती. रूस यांनी त्यातील कमकुवत जागा एकेक करून सुधारल्या आणि त्याच आकारमानातून, म्हणजे २,१९९ घनसेंटिमीटर क्षमतेतून, ४,००० फेऱ्यांना ६० अश्वशक्ती मिळविली. वजन मर्यादेत बसविण्यासाठी त्यांनी गाडीचा प्रत्येक भाग तपासला, अगदी रंगाच्या थराचे वजनही हिशेबात धरले. या इंजिनात आत घेणाऱ्या व बाहेर सोडणाऱ्या दोन्ही झडपा सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्ये बसविलेल्या असल्याने वरचे हेड हा एक सपाट, साधा ओतीव तुकडा होता. अशा रचनेला साइड-व्हॉल्व्ह म्हणतात. तिच्यात ताकदीची थोडी हानी होते, पण इंजिन बुटके राहते, सुटे भाग कमी लागतात आणि हेड उघडण्याचे काम मोजक्या नटांवर भागते. संपूर्ण इंजिनाचे वजन दीडशे ते दोनशे किलोंच्या दरम्यान राहिले आणि पुढील काळातील अंगणातल्या कामाच्या दृष्टीने ही गोष्ट निर्णायक ठरली, कारण एवढे ओझे साध्या कप्पीला पेलते आणि वेळ पडलीच तर बांबूला लटकावून चौघांना हलविताही येते.

मागणी एवढी मोठी होती की एकट्या विलीजला ती पुरी करणे शक्य नव्हते, म्हणून १९४१ च्या अखेरीस फोर्डलाही त्याच आराखड्यानुसार गाड्या बनविण्याचे काम देण्यात आले, आणि युद्ध संपेपर्यंत दोन्ही कारखान्यांतून मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर पडल्या. फोर्डने आपल्या बोल्टांवर एफ हे अक्षर उमटविले, तरी एका कारखान्याचे इंजिन दुसऱ्या कारखान्याच्या गाडीत बसले पाहिजे ही लष्कराची अट कायम होती. त्यामागे दुरुस्तीचे एक निश्चित तत्त्व होते. अमेरिकी लष्कराने वाहनांच्या देखभालीचे पाच स्तर पाडले होते: पाणी, तेल व हवा पाहणे हे चालकाचे काम, किरकोळ जुळणी तुकडीच्या कारागिरांची आणि इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधणे मागील तळावरच्या कार्यशाळेचे. आघाडीवर बिघडलेले इंजिन तेथेच उघडत बसण्यापेक्षा ते अखंड काढून त्याच्या जागी तयार इंजिन चढवावे आणि बिघडलेले मागे पाठवावे, हे या व्यवस्थेचे सार होते. त्यामुळे इंजिन हा गाडीतील एक स्वतंत्र, सुटा होणारा घटक राहील अशी काळजी आराखड्यातच घेतलेली होती, आणि लष्कराच्या १९४४ च्या तांत्रिक पुस्तिकांत इंजिन काढण्याची व बसविण्याची कृती पायरीपायरीने छापलेली होती. शांततेच्या काळात या पुस्तिका ज्यांनी कधी पाहिल्याही नाहीत, त्यांच्या हातांनी पुढे जवळपास तोच क्रम पाळला, कारण गाडीची बांधणीच तो क्रम सुचवीत असे.

भारतात जीप आली ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या सैन्यांबरोबर, आणि युद्धानंतर लष्कराला नको असलेल्या गाड्या लिलावांतून खासगी हातांत गेल्या. याच सुमारास, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, जगदीशचंद्र व कैलाशचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे झाले. कैलाशचंद्र यांची अमेरिकेत रूस यांच्याशी झालेली ओळख या कंपनीला जीपच्या व्यवसायाकडे घेऊन गेली. सुट्या भागांच्या पेट्या अमेरिकेहून आणवून मुंबईत माझगाव येथे त्यांची जुळणी सुरू झाली, पुढे कांदिवलीचा कारखाना उभा राहिला आणि विलीजचे सीजे-३बी हे मॉडेल भारतीय जीपचा चेहरा बनले. या मॉडेलचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच असण्याचे कारणही इंजिनातच होते: विलीजने जुन्या ब्लॉकवर नवे हेड चढवून आत घेणारी झडप वर नेली होती, त्यामुळे ताकद ७० अश्वशक्तीच्या पुढे गेली आणि इंजिनाची उंचीही वाढली. खालचा ब्लॉक मात्र मूळ धर्तीचाच राहिल्याने युद्धकालीन गाडीवर हात बसलेल्या कारागिराला नवी गाडी परकी वाटली नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात जीप प्रथम सरकारी वाहन म्हणून ओळखीची झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमाबरोबर ती विकास गटांच्या कार्यालयांत आली, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्यावर सभापती व गटविकास अधिकारी यांच्या दौऱ्यांचे ती अविभाज्य अंग बनली. साखर कारखाने, पाटबंधारे विभाग, हिवताप निर्मूलनाची पथके, सर्वांकडे जीप होती. ठरावीक वर्षे किंवा ठरावीक किलोमीटर पूर्ण झाल्यावर अशा गाडीचे निर्लेखन होई, म्हणजे ती सेवेस निरुपयोगी म्हणून दप्तरातून कमी केली जाई, आणि मग तिचा लिलाव होत असे. नवी मोटार मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागण्याच्या त्या काळात बागायतदार शेतकऱ्याला, ठेकेदाराला किंवा गावच्या पुढाऱ्याला परवडणारे चारचाकी वाहन म्हणजे ही लिलावातली जीप. तिची चौकट व पत्रा बहुधा शाबूत असे. थकलेले असे ते इंजिन. गाडी दारात येण्याबरोबरच तिचे इंजिन उतरविण्याचा विषय निघे, तो यामुळे.

हे काम अंगावर घेण्याचे धाडस शेतकरी समाजात कोठून आले याचे उत्तर विहिरीच्या काठावर सापडते. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, साताऱ्याच्या कूपर कारखान्याने आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने डिझेलवर चालणारी छोटी इंजिने शिवारात पोचविली, आणि मोटेची जागा पंपाने घेतली. वीज पोचण्यापूर्वीच्या दोन-तीन दशकांत या ऑइल इंजिनाने एका पिढीला झडप म्हणजे काय, पिस्टनच्या रिंगा झिजल्या की धूर का येतो, बेअरिंग वाजू लागले की काय करावे, हे शिकविले. विहीर खोदताना गाळ व दगड वर काढण्यासाठी लागणारी यारी, म्हणजे लोखंडी दोराच्या साह्याने ओझे उचलणारे यंत्र, गावोगाव परिचयाची होती. जड वस्तू तोलून उचलण्याची, ती अधांतरी असताना तिच्याखाली कोणी उभे न राहण्याची आणि हुकूम एकाच माणसाने देण्याची शिस्त त्या कामातून आलेली होती. त्याच्या जोडीला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या वसाहतींत लेथ, ओतकाम आणि सिलिंडर बोअर करण्याची सोय एकाच आवारात उपलब्ध होती, त्यामुळे इंजिन अंगणात उतरवावे, उघडावे, ब्लॉक बैलगाडीतून किंवा एस.टी.च्या टपावरून शहरात धाडावा आणि काम होऊन आल्यावर पुन्हा अंगणातच बांधावे, अशी विभागणी साहजिकपणे पडली.

कामाचा क्रम पाहिला तर त्यातील शहाणपण ध्यानात येते. प्रथम बॅटरीची तार सुटी केली जाई, कारण स्टार्टरच्या जाड तारेला लोखंडी पान्याचा स्पर्श झाला तर पानाच तापून लाल होतो. रेडिएटरच्या तळाची तोटी उघडून पाणी सोडले जाई, तेल घमेल्यात काढले जाई आणि बॉनेट बिजागऱ्यांतून मोकळे करून भिंतीला टेकविले जाई. त्यानंतर रेडिएटर निघे, आणि तो निघताच इंजिनाच्या पुढे रिकामी जागा तयार होई. जीपच्या समोरची जाळी व मडगार्डे बोल्टांनीच जोडलेली असल्याने गरज भासल्यास तीही काढता येत. पेट्रोलची नळी पंपापाशी सोडवून तिच्या तोंडात लाकडी गुल्ली ठोकली जाई. तापमान दाखविणाऱ्या काट्याकडे जाणारी बारीक तांब्याची नळी मात्र अतिशय जपून काढावी लागे: तिच्यात वायू किंवा द्रव कायमचा कोंडलेला असतो, ती तुटली की सांधून उपयोग होत नाही आणि काटा निकामी होतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळकांड्याचे नट उष्णतेने व गंजाने इतके घट्ट बसलेले असत की आदल्या रात्रीच त्यांवर रॉकेल किंवा डिझेल सोडून ठेवण्याचा रिवाज होता. घाई केली तर नट सुटण्याऐवजी स्टडच, म्हणजे ओतीव भागात रुतलेला दुतोंडी आटे असलेला खिळा, मोडे आणि तासाभराचे काम दोन दिवसांवर जाई. सुटलेले नट-बोल्ट ज्या जागेचे त्या जागेप्रमाणे डालड्याच्या निरनिराळ्या डब्यांत टाकले जात, आणि तारांना सुताच्या रंगीत दोऱ्या बांधून खुणा केल्या जात.

खरी कसोटी इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करण्याच्या क्षणी लागते. या दोहोंमध्ये क्लच असतो, म्हणजे इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दाबून धरलेली आणि पायटा दाबताच मोकळी होणारी तबकडी. तिच्या मध्यभागी खाचा असलेले भोक असते आणि त्यातून गिअरबॉक्सचा पुढील दांडा आरपार जातो. जीपमध्ये इंजिन पुढच्या बाजूला दोन रबरी माउंटिंगांवर टेकलेले असते, मागचा भार मात्र गिअरबॉक्सखालच्या आडपट्टीवर पडतो. म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स ही एकच सलग वस्तू म्हणून तीन बिंदूंवर तोललेली आहे, आणि मधला सांधा सोडवताच गिअरबॉक्सचे तोंड खाली झुकते. म्हणून बेल हाउसिंगचे, म्हणजे फ्लायव्हीलवरील घंटेच्या आकाराच्या कवचाचे, बोल्ट काढण्यापूर्वी गिअरबॉक्सखाली जॅक किंवा लाकडी ओंडका सारला जाई. मग सागाच्या किंवा लोखंडी नळांच्या तीन पायांची तिकटी गाडीवर उभी करून, किंवा झाडाची भक्कम फांदी पाहून, तिला चेन-कप्पी अडकविली जाई; साखळी ओढताच दातेरी चक्रांच्या योगाने थोड्या बळाने मोठे ओझे उचलणारे हे साधन बहुधा तालुक्याच्या गॅरेजमधून भाड्याने येई. हेडच्या स्टडांना अडकविलेल्या साखळीने इंजिन इंचभर उचलले, की एकजण ते समोरून हळूहळू पुढे ओढी आणि दुसरा गाडीखाली पडून दांडा सरळ सुटतो आहे ना हे पाही. या टप्प्यावर इंजिनाचे वजन दांड्यावर लोंबकळले तर क्लचची तबकडी वाकते किंवा दांड्याच्या खाचा दुखावतात आणि हे नुकसान गाडी पुन्हा चालू होईपर्यंत कळत नाही. दांडा मोकळा झाल्यावरच कप्पी जोरात चालवायची, आणि इंजिन पुरेसे वर गेल्यावर ते बाजूला न नेता चौघांनी गाडीच मागे ढकलायची, हा दंडक जवळजवळ सर्वत्र पाळला जाई. अधांतरी ओझे सरकविण्यापेक्षा चाकांवरची गाडी सरकविणे सोपे व निर्धोक असते.

इंजिन पुन्हा बसविताना हाच सांधा उलट दिशेने जुळवावा लागतो, आणि तेथे क्लचची तबकडी अगदी मध्यावर बसलेली नसेल तर दांडा आत शिरतच नाही. कंपनीच्या कार्यशाळेत यासाठी खास मापाचे हत्यार असे; अंगणात त्याचे काम भंगारातल्या गिअरबॉक्समधून कापून काढलेला जुना दांडा करी. तो तबकडीतून फ्लायव्हीलच्या मधल्या बुशात खोवायचा, क्लचचे बोल्ट आवळायचे आणि मग काढून घ्यायचा. असा दांडा बाळगणारा मिस्त्री जीपचे काम जाणणारा समजला जाई, आणि पंचक्रोशीत तो दांडा उसना फिरत असे.

सुरुवातीच्या काळात इंजिन उतरविण्याचा हेतू ते दुरुस्त करून पुन्हा त्याच गाडीत चढविणे एवढाच असे. सिलिंडर झिजून त्यांचा गोलपणा गेला की ते थोडे मोठे बोअर करून वाढीव मापाचे पिस्टन घालावयाचे, क्रँक घासून घ्यावयाची आणि बेअरिंगचे कवच बदलावयाचे, या कामाला मिस्त्र्यांच्या भाषेत इंजिन बांधणे म्हणत, आणि हेड सोडून खालच्या भागाचे काम केले तर ते हाफ इंजिन. १९७३ च्या तेलसंकटाने हा हेतू बदलला. पेट्रोलचे भाव चढले, शेती व मालवाहतूक यांच्यासाठी डिझेल स्वस्त ठेवण्याचे सरकारी धोरण होते, आणि पेट्रोलवर चालणारी जीप फार तेल पिते ही तक्रार तर जुनीच होती. महिंद्रने स्वतः कांदिवलीस बनणाऱ्या इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातील डिझेल इंजिन जीपला बसविले, आणि पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार करून तिचे २,११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन स्वीकारले. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीचा इंजिन कारखाना याच वाटचालीतला. परंतु ज्यांच्या दारात जुनी पेट्रोल जीप उभी होती त्यांच्यापुढे नवी गाडी हा पर्याय नव्हता; त्यांनी जुनी चौकट ठेवून आतले इंजिन बदलले.

यासाठी लागणारी डिझेल इंजिने नाना वाटांनी येत. मद्रासच्या सिम्पसन कारखान्यातील पर्किन्स, अपघातग्रस्त गाडीतून निघालेले प्यूजो, आणि १९८० च्या दशकापासून पुण्याजवळ आकुर्डी येथील बजाज टेम्पोच्या मॅटाडोर गाडीचे, मूळ मर्सिडीज आराखड्याचे इंजिन, ही नावे या व्यवहारात वारंवार येतात. मुंबईतील कुर्ला व पुण्यातील भवानी पेठ येथील भंगार बाजारांत अशी इंजिने सुटी विकत मिळत. तथापि परके इंजिन जीपमध्ये बसविणे म्हणजे केवळ उतरविणे-चढविणे नव्हे. त्याच्या मागच्या तोंडाचे बोल्ट जीपच्या बेल हाउसिंगशी जुळत नसत, म्हणून मध्ये जाड पोलादी तबकडी कातून घ्यावी लागे, आणि तिच्या भोकांची अचूकता केसभर चुकली तरी क्लच धक्के देई. डिझेल इंजिन जड असल्याने पुढच्या कमानींत जादा पाटे घालावे लागत. त्याचा कंप जास्त असल्याने माउंटिंगचे रबर लवकर फाटे. सर्वांत अवघड प्रश्न वेगाचा होता. सीजे-३बी जीपच्या धुऱ्यांतील दातेरी जोडीचे प्रमाण ५.३८ होते, म्हणजे चाक एकदा फिरण्यासाठी लांब दांडा पाच फेऱ्यांहून अधिक फिरत असे. झपाट्याने फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनासाठी ते योग्य होते, पण संथ फिरणाऱ्या डिझेल इंजिनावर तीच गाडी सपाट रस्त्यावर रखडत चाले. घाटात व चिखलात मात्र तिची ओढ वाढे, आणि ज्याला उसाच्या फडातून किंवा नदीपात्रातून जायचे असे त्याला हा तोटा वाटतच नसे.

याच्या उलट उदाहरण जबलपूरच्या लष्करी वाहन कारखान्यात १९६९ पासून बनलेल्या जोंगाचे आहे. निसान पॅट्रोल या जपानी गाडीवर आधारलेल्या या वाहनात जवळपास चार लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. लष्करी लिलावातून ती खासगी हातांत आली तेव्हा तिच्या इंधनाचा खर्च सोसणे बहुतेकांना अशक्य होते, त्यामुळे तिचेही इंजिन बदलले गेले, परंतु लांब व जड सहा सिलिंडरचे इंजिन उतरविण्यासाठी झाडाची फांदी पुरत नसे आणि ते काम बहुधा शहरातील गॅरेजकडेच गेले. अंगणातील प्रथा सर्व जुन्या गाड्यांना सारखी लागू झाली नाही, जीपपुरतीच टिकली, हे यावरून दिसते.

डिझेल झालेल्या जीपने ग्रामीण वाहतुकीचे अर्थकारणही बदलले. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात वडाप या नावाने आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भात काळी-पिवळी या नावाने ओळखली जाणारी, भरेल तितके उतारू घेऊन ठरावीक मार्गावर धावणारी वाहतूक जीपवर आणि तिच्या लांब चौकटीच्या भावंडांवर उभी राहिली. अशा गाडीच्या मालकाला इंजिन महिनाभर गॅरेजमध्ये पडून राहणे परवडत नसे, कारण गाडी उभी राहिली की उतारू दुसऱ्याच्या गाडीला लागतात. त्यामुळे रात्रीत इंजिन उतरवून सकाळी दुसरे चढविण्याची, आणि काढलेले सवडीने बांधून पुढच्या वेळेसाठी तयार ठेवण्याची पद्धत जम धरू लागली. युद्धकाळातील लष्कराने जे तत्त्व आघाडीसाठी आखले होते, तेच येथे धंद्याच्या निकडीतून स्वतंत्रपणे पुन्हा उभे राहिले.

कायद्याचा या प्रथेशी संबंध प्रारंभी सैल होता. गाडीच्या नोंदणी पुस्तिकेत, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या आर.सी. बुकात, चौकटीचा क्रमांक व इंजिनाचा क्रमांक असे दोन्ही लिहिलेले असतात. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखाली बदलाची माहिती कळवून नोंद सुधारून घेण्याचा मार्ग होता, आणि परिवहन कार्यालयात जाऊन इंजिन बदलाची नोंद करून आणणे हा मालकाच्या कामांचाच एक भाग समजला जाई. जे जात नसत त्यांच्या गाड्याही चालतच असत. १९८८ च्या कायद्यातील कलम ५२ ने, आणि विशेषतः २००० मधील दुरुस्तीने, उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मनाई केली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ अधिक काटेकोरपणे लावून तसा फेरफार केलेले वाहन नोंदणीस पात्र नसल्याचे स्पष्ट केले. झिजलेल्या इंजिनाच्या जागी त्याच जातीचे दुसरे इंजिन पूर्वपरवानगीने बसविण्याची वाट मात्र खुली राहिली. त्यामुळे पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसविण्याचा जो व्यवहार एकेकाळी उघड्यावर चाले, तो आता पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीच्या वेळी मालकाच्या अडचणीचे कारण बनू शकतो. सुरक्षा व प्रदूषण यांचा विचार करता या कडकपणामागे सबळ कारणे आहेत, कारण अंगणात कातलेल्या तबकडीची किंवा वाढलेल्या वजनानंतर ब्रेकच्या पुरेसेपणाची तपासणी कोणीही करीत नव्हते.

कायद्याहून अधिक बदल घडविला तो बाजाराने व तंत्राने. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाल्यावर दोन इंधनांतील अंतर आकुंचन पावले आणि इंजिन बदलण्यामागील हिशेबच विस्कटला. दुसरीकडे, कॉमन रेल पद्धतीच्या डिझेल इंजिनांत, म्हणजे एका सामाईक नळीत फार मोठ्या दाबाखाली साठविलेले इंधन संगणकाच्या इशाऱ्यावर सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनांत, गाडीचे तारांचे जाळे, संवेदक आणि नियंत्रक यांचे इंजिनाशी अतूट नाते जुळले. असे इंजिन कप्पीने उचलता येते, पण ते दुसऱ्या गाडीत चढविले तर नियंत्रक त्याला ओळखत नाही. आणि नियंत्रकाशी बोलण्याचे साधन बहुधा कंपनीच्या अधिकृत केंद्रातच असते. इंजिन ही सुटी होणारी वस्तू राहिली नाही, गाडीच्या एकसंध व्यवस्थेचा भाग झाली, आणि त्याबरोबर ती सुटी करण्याचा अधिकारही अंगणातून केंद्राकडे गेला.

आज जुन्या विलीज किंवा सीजे-३बी जीपचे इंजिन घरी उतरविणारे बहुतेक जण हौशी संग्राहक आहेत, आणि त्यांच्या कामाची दिशा पूर्वीच्या उलट आहे: वडिलांच्या काळात बसविलेले डिझेल इंजिन काढून मूळ जातीचे पेट्रोल इंजिन शोधून पुन्हा चढवावे, क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी जुळवावे आणि गाडी कारखान्यातून निघाली तशी करावी, असा त्यांचा प्रयत्न असतो. एकाने निकडीपोटी आणि दुसऱ्याने हौसेपोटी केलेल्या या दोन्ही कामांना शक्य करणारी गोष्ट मात्र एकच आहे: चार बोल्ट, दोन माउंटिंगे आणि एक दांडा एवढ्यावर तोललेली, मालकाला स्वतःच्या हाताने उघडता येईल अशी रचना. वाहन किती वर्षे चालावे याचा निर्णय ते बनविणाऱ्याने घ्यावा की वापरणाऱ्याने, हा प्रश्न आज दुरुस्तीच्या हक्काच्या नावाने जगभर चर्चिला जातो. जीपच्या बाबतीत त्याचे उत्तर आराखड्यातच दिलेले होते, आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्याने व मिस्त्र्याने ते अर्धशतकभर अमलात आणले.